ऑक्टोबरातले पोर्ट ऑफ स्पेन : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वडिलांच्या कपाटात वर्तमानपत्राच्या कात्रणांची एक वही होती. तिच्या पहिल्याच पानावर मार्च १९७१ची बातमी चिकटवलेली. त्रिनिदाद-टोबॅगो या कॅरिबियन देशाच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारताने वेस्ट इंडिजला ७ गडी राखून हरवले, कसोटीत त्यांच्याविरुद्धचा आपला पहिला विजय. कर्णधार अजित वाडेकर. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ११२, एकनाथ सोलकरांच्या ५५. ते मैदान एकदा डोळ्यांनी बघायचे, हे मी शाळेत असतानाच ठरवले होते. २०२४ साली मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी तिथून दहा दिवस त्रिनिदादला जाऊन आलो.

निघण्याआधी ज्याला विचारावे तो एकच सांगे : कॅरिबियन म्हणजे समुद्रकिनारे आणि ऑक्टोबर म्हणजे वादळे. पोर्ट ऑफ स्पेनला यातले काहीच नीट लागू पडत नाही. शहराला पोहण्याजोगा किनारा नाही, आणि वादळांचा नेहमीचा रस्ता या बेटाच्या उत्तरेकडून जातो. तिथल्या ऑक्टोबरच्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्या आम्हाला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. त्या तुम्हाला आधीच कळाव्यात म्हणून हे सगळे क्रमाने लिहितो.

१. आधी महिना समजून घ्या

त्रिनिदादला ऋतू दोनच. जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळी. पर्यटकांची खरी गर्दी फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हलला होते. तेव्हा खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात. ऑक्टोबर हा त्याच्या अगदी उलट टोकाचा महिना.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्रिनिदाद हे कॅरिबियन बेटांच्या माळेतले दक्षिणेकडचे शेवटचे बेट, व्हेनेझुएलाचा किनारा जवळात जवळ ११ किलोमीटरवर. त्यामुळे वादळ थेट येण्याचा धोका कमी, पण अजिबात नाही असे समजू नका. याच देशाच्या टोबॅगो बेटावर ३० सप्टेंबर १९६३ रोजी फ्लोरा चक्रीवादळ आदळले होते. पावसाने मात्र वादळाशिवायही धांदल उडते. ऑक्टोबर २०१८मध्ये नुसत्या पावसाने मोठा पूर आला आणि मध्य व पूर्व त्रिनिदादच्या कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

आता जमेची बाजू. सप्टेंबरपासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसात एक उघडीप येते. तिला तिथे 'पेटी कॅरेम' म्हणतात. कॅरेम म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ. तो कोरड्या ऋतूत येतो, म्हणून ही छोटी उघडीप म्हणजे 'छोटा कॅरेम'. आपल्या ऑक्टोबर हीटसारखीच ती असते : ऊन कडक, हवा दमट, घामाने जीव नकोसा. ती दरवर्षी ठरल्या दिवशी येत नाही, पण निवड तुमच्या हातात असेल तर महिन्याचा पहिला पंधरवडा घ्या. आमच्या दहा दिवसांत तीन दुपारी जोरदार पाऊस झाला. बाकी वेळ छत्री उन्हासाठीच उघडली.

या महिन्यात काय मिळणार नाही तेही सांगतो. मोठी लेदरबॅक कासवे मार्च ते ऑगस्ट या काळात अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, ती दिसणार नाहीत. स्टीलपॅन या पोलादी पिंपापासून बनवलेल्या वाद्याच्या वादकांचे रात्ररात्र चालणारे सराव कार्निव्हलच्या आधी असतात, तेही नाहीत. या दोन गोष्टींसाठी जाणार असाल तर महिना बदला.

२. पिवळ्या तापाची लस : तिकिटाच्याही आधी

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे आणि आम्ही त्यात पडता पडता वाचलो. मुंबईतल्या ज्या एजंटकडे चौकशी केली त्याने "कॅरिबियनला काही लागत नाही" असे छातीठोकपणे सांगितले. त्रिनिदादला जाताना भारतातून येणाऱ्याला या लसीचा दाखला मागत नाहीत, तेवढ्यापुरते ते खरे. प्रश्न परतीचा आहे. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांची भारत सरकारची यादी आहे आणि तिच्यात त्रिनिदादचे नाव आहे. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला, तर तुम्हाला विमानतळावरून विलगीकरणात नेऊ शकतात, तेही सहा दिवसांपर्यंत.

हे आम्हाला मुलीच्या एका मैत्रिणीने सांगितले, मुंबई सोडायला तीन आठवडे उरले असताना. मग धावपळ. ती तुम्हाला करावी लागू नये म्हणून :

- लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेतलेल्या लसीचा दाखला चालत नाही.
- एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून केंद्रे ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून लस देतात. पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरचीही मिळू शकते.
- जाताना मूळ पासपोर्ट न्या. दाखल्यावर पासपोर्टचा क्रमांक लिहितात.
- पहिल्यांदा लस घेतली की दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो.
- वय साठीच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांशी नीट बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे. माझी पत्नी बासष्टची. तिच्या डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट पाहिले आणि मगच होकार दिला. डॉक्टरांनी नको म्हटले तर हट्ट करू नका, सहलच दुसरीकडे न्या.

आमच्यासारखे आधी अमेरिकेत आणि मग त्रिनिदादला जाणार असाल, तरी लस भारतात असतानाच घ्या. परतताना वाटेत अमेरिकेत आठवडाभर राहणार असलात तरी घ्याच. घरच्या एखाद्या अडचणीमुळे तातडीने मुंबई गाठावी लागली तर ते सहा दिवस हातात नसतात.

३. व्हिसा आणि वाट

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादचा आगाऊ व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येते. तिकीट काढायच्या आठवड्यात हा नियम एकदा स्वतः तपासा, नियम बदलत असतात. उतरल्यावर परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पैशांची सोय विचारतात. आम्हाला तिन्ही विचारले.

मुंबईहून थेट विमान नाही, युरोपात किंवा अमेरिकेत बदलावे लागते. घोळ होतो तो इथे. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, कारण तिथे प्रत्येकाला इमिग्रेशनमधून बाहेर यावेच लागते. लंडनहून जाताना एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि त्याचा व्हिसा लागतो. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढलीत तर सामान मध्ये उतरवून घ्यावे लागते, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. पनामामार्गे जात असाल तर तो देशही पिवळ्या तापाच्या यादीत आहे, हे ध्यानात ठेवा.

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना सगळ्यात सोपी वाट न्यूयॉर्कहून. तिथून साधारण पाच तासांचे थेट विमान आहे. फक्त तुमचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे आणि परतीच्या तारखेला तो चालू आहे, हे बघून घ्या.

४. कागदपत्रे

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि त्याच्या दोन छायाप्रती
- पिवळ्या तापाच्या लसीचा मूळ दाखला
- परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण, दोन्ही छापील
- वाटेतल्या देशाचा व्हिसा
- प्रवास विमा, पुरामुळे किंवा वादळामुळे विमान रद्द झाले तरी भरपाई देणारा. विमा लवकर काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.
- रोजच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची रासायनिक नावे लिहिलेली. आपल्याकडची ब्रँडची नावे तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत.

५. राहायचे कुठे

वुडब्रुक, सेंट क्लेअर, न्यूटाउन, सेंट ॲन्स किंवा कॅस्केड या भागांतले गेस्ट हाउस शोधा. आम्ही वुडब्रुकमध्ये राहिलो. क्वीन्स पार्क ओव्हल, म्हणजे कात्रणातले ते मैदान, चालत दहा मिनिटांवर, आणि खाण्याच्या जागांनी भरलेला ॲरियापिटा ॲव्हेन्यू हाकेच्या अंतरावर.

ऑक्टोबरात सगळे स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका. पोर्ट ऑफ स्पेन हे तेल, वायू आणि सरकारी कचेऱ्यांचे शहर आहे. मोठी हॉटेले सोमवार ते गुरुवार कामासाठी आलेल्या लोकांनी भरलेली असतात. शनिवार-रविवारचे भाव उतरतात, आणि घरगुती गेस्ट हाउसवाले चार रात्रींहून जास्त राहिलात तर कमी करतात. विचारायला लाजू नका. सांगितलेल्या भावात कर धरला आहे का, हेही विचारा. खोलीवर १० टक्के कर असतो, शिवाय सेवाशुल्क लागू शकते. बाकी बिलांवर १२.५ टक्के व्हॅट.

खोली तळमजल्यावर नको, आणि ती गल्ली पावसात तुंबते का ते आरक्षणाआधी विचारा. उत्तर टाळले तर समजून जा.

६. बॅगेत काय, आणि काय नको

सुती कपडे, पाणी धरून न ठेवणाऱ्या चपला, हलका रेनकोट, टोपी, डास पळवणारे मलम. पावसाळ्यात डेंग्यूचे डास असतात, त्यामुळे मलम खोलीत न ठेवता खिशात ठेवा. वीज ११५ व्होल्टची आहे आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे, दोन चपट्या पायांचे. फोनचा चार्जर चालतो. आपली पाणी तापवायची किटली किंवा इस्त्री चालत नाही.

लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे अजिबात नेऊ नका. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने ते घालणे बेकायदा आहे. लहान मुलांची टोपी, पॅन्ट, पाठीवरची पिशवीसुद्धा त्यात आली. भरलेली बॅग पुन्हा उघडून बघा. नातवंडांच्या कपड्यांत हा छाप हमखास सापडतो.

७. विमानतळ, पैसे आणि वाहने

विमानतळ पियार्कोला, शहराच्या पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवर. अधिकृत टॅक्सीचे दर तिथे फलकावर लावलेले असतात. दर पाहा, चालकाकडून तोंडी पक्का करून घ्या आणि मगच बसा. वेळेचे म्हणाल तर सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. पाऊस पडला की विचारूच नका. परतीच्या विमानासाठी एरवीपेक्षा दीड तास आधी निघा.

चलन त्रिनिदाद-टोबॅगोचा डॉलर, बोलीत 'टीटी'. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात टीटी मिळतात. कुणीही "चाळीस डॉलर" म्हणाले की "टीटी की यूएस?" हा प्रश्न पाठोपाठ विचारायचा. सहली नेणारे आणि विमानतळावरचे टॅक्सीवाले बहुधा अमेरिकी डॉलरात बोलतात, बाकी बाजार टीटीत. टीटी देशाबाहेर कुणी बदलून देत नाही, म्हणून लागेल तेवढेच काढा.

भाड्याच्या अधिकृत गाड्यांची नंबरप्लेट 'एच' अक्षराने सुरू होते. 'पी'ने सुरू होणारी गाडी खासगी. रस्त्यात थांबून कितीही आपुलकीने बोलावले तरी तिच्यात बसायचे नाही. मॅक्सी टॅक्सी म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या मिनीबस. त्यांच्या अंगावर रंगीत पट्टा असतो. पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा चॅग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे. साउथ कीवरचे सिटी गेट हा त्यांचा मोठा अड्डा. दिवसा आम्ही बऱ्याचदा मॅक्सीने गेलो आणि काही त्रास झाला नाही. अंधार पडल्यावर मात्र गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी बोलावून दिलेल्या ओळखीच्या टॅक्सीशिवाय हललो नाही.

एक रीत शिकून घ्या. गाडीत चढताना, दुकानात शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असे "गुड मॉर्निंग" किंवा "गुड आफ्टरनून" म्हणायचे. संध्याकाळनंतर भेटल्यावरही "गुड नाइट" म्हणतात, तो निरोप नव्हे. न बोलता थेट भाव विचारणे तिथे उद्धटपणाचे वाटते. आमच्या दोन दिवसांच्या कोरड्या अनुभवाचे कारण हेच होते. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी समजावले आणि मग सगळे शहर आमच्याशी बोलू लागले.

८. दिवस घड्याळाप्रमाणे आखा

ऑक्टोबरात इथे फिरायचे तर ठिकाणांआधी तासांचा हिशेब करा. सकाळी सहा ते अकरा बाहेर. दुपारी छताखाली. चारनंतर पाऊस नसेल तर पुन्हा बाहेर. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. एका दिवसात तीन ठिकाणे कोंबायला जाल तर दुसऱ्याच ठिकाणी पावसात अडकाल.

पहिली सकाळ क्वीन्स पार्क सॅव्हानाला द्या. सुमारे २६० एकरांचे मोकळे मैदान, भोवती साडेतीन किलोमीटरचा रस्ता. सकाळी लोक कडेने फिरतात, तसेच तुम्हीही फिरा. पश्चिमेच्या कडेला शंभरेक वर्षांपूर्वीच्या सात भव्य इमारती ओळीने उभ्या आहेत, 'मॅग्निफिसंट सेव्हन' नावाच्या. त्यातली घड्याळाच्या मनोऱ्याची क्वीन्स रॉयल कॉलेजची इमारत १९०४ची. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स याच शाळेचे विद्यार्थी. उत्तरेला १८१८ साली सुरू झालेले वनस्पती उद्यान आहे, उन्ह चढले की तिथल्या सावलीत या.

मग ओव्हल. १८९६चे मैदान, ट्रागरेट रोडवर. ऑक्टोबरात सामना नव्हता, दार बंद होते. रखवालदाराला आधी "गुड मॉर्निंग", मग वडिलांच्या वहीची गोष्ट सांगितली. त्याने कार्यालयात विचारले आणि आम्हाला दहा मिनिटे आत सोडले. असे दरवेळी होईलच असे नाही. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी जा, दुपारी किंवा रविवारी नको. स्टँडच्या पायरीवर बसलो. समोर गवत आणि त्याच्या मागे हिरवे डोंगर, आपल्या घाटासारखे पावसाने न्हालेले. १९७१च्या शेवटच्या कसोटीत दाढदुखी सोसून गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या त्या इथेच. १९७६मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचा पाठलाग करून भारत जिंकला तोही इथेच. मी वहीच्या पहिल्या पानाची छायाप्रत बरोबर नेली होती. ती मांडीवर ठेवून बसलो होतो, सामना पाहत असल्यासारखा. पत्नीने फोटो काढायला फोन उचलला आणि न काढताच खाली ठेवला.

दुपारी चारची वेळ कॅरोनी दलदलीसाठी राखून ठेवा. शहरापासून अर्ध्या तासावर खारफुटीत होडीने नेतात आणि सूर्यास्ताला लालभडक आयबिस पक्षी थव्यांनी झाडांवर उतरतात. तो त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. २०१८पासून त्याला कायद्याचे विशेष संरक्षण आहे, मारणाऱ्याला १ लाख टीटी दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. होडी उघडी असते, रेनकोट हवाच. डास तर ढगांसारखे. आदल्या दिवशी नाव नोंदवा, आणि पाऊस आला तर दुसऱ्या दिवशीची जागा मिळेल का ते तेव्हाच विचारून ठेवा.

शहराच्या मध्यभागी, फ्रेडरिक स्ट्रीट ते ब्रायन लारा प्रोमेनाड, कामाच्या दिवशी सकाळी जा. रविवारी तो भाग ओस पडतो. जोराच्या सरीनंतर बंदराजवळचे रस्ते तुंबतात. पाणी साचलेल्या रस्त्यात पाय घालू नका, उघडी गटारे दिसत नाहीत.

९. शहराबाहेरचे दिवस

गाडी चालकासकट ठरवा. तिथेही आपल्यासारखेच डावीकडून चालतात, पण पावसात आणि अनोळखी रस्त्यांवर स्वतः चालवायचा मोह आवरा.

पहिला दिवस मध्य त्रिनिदादचा. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांना घेऊन इथे पोचले. १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे अशी आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. त्यांची पणतवंडे आता इथे आहेत. त्यांच्याशी हिंदीत बोलायला जाऊ नका. भाषा इंग्रजी आहे, फक्त भाज्यांची आणि नात्यांची नावे भोजपुरी उरली आहेत. "सीताराम" म्हटले की मात्र चेहरा खुलतो.

वॉटरलूला समुद्रातले मंदिर आहे. सिवदास साधू नावाच्या मजुराने किनाऱ्यावर बांधलेले मंदिर जमीन साखर कंपनीची म्हणून १९५२ साली पाडले गेले आणि त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर त्यांनी ठरवले की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. मग सायकलवरून आणि डोक्यावरून दगड-माती वाहून त्यांनी वर्षानुवर्षे भर घातली आणि पाण्यात देऊळ उभे केले. आजची वास्तू नंतर नव्याने बांधलेली आहे. शेजारीच स्मशानघाट आहे. तिथे कुणी असेल तर कॅमेरा बंद ठेवा.

तिथून जवळ कारापिचाइमाला दत्तात्रेयाचे मंदिर आहे, पुढे ८५ फुटांची मारुतीची मूर्ती. मैसूरच्या दत्तपीठाचे हे मंदिर, २००३ साली मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. घर सोडून इतक्या लांब आल्यावर गाभाऱ्यात दत्तमूर्ती दिसली आणि पत्नीच्या तोंडून "दिगंबरा दिगंबरा" आपोआप सुरू झाले. पुजाऱ्यांना शब्द कळले नाहीत, नाव कळले. त्यांनी आम्हाला थांबवून प्रसाद दिला. दुपारी मंदिर बंद असू शकते, सकाळीच जा.

नवरात्र ऑक्टोबरात आले असेल तर याच भागातल्या गावांत मोकळ्या मैदानावर रामलीला होते. हा आमच्या सहलीतला सगळ्यात मोठा ठेवा. कार्निव्हलला येणाऱ्यांना तो दिसत नाही. गावातलीच मुले राम-लक्ष्मण होतात, ध्वनिक्षेपकावर तुलसीदासांची चौपाई आणि लगेच तिचा इंग्रजीत अर्थ. तिकीट नाही. बसायला चटई न्या, गमबूट असतील तर उत्तम, कारण मैदानात चिखल असतो. दिवाळी ऑक्टोबरअखेर येत असेल तर त्याआधीच्या काही रात्री चॅग्वानासला 'दिवाळी नगर' नावाचा उत्सव भरतो. आम्हाला तारखा जुळवता आल्या नाहीत, तुम्ही जुळवा.

दुसरा दिवस ला ब्रेआच्या डांबराच्या तळ्याचा. सुमारे १०० एकरांचे नैसर्गिक डांबराचे तळे, वरून चालता येते. पावसाळ्यात त्याच्या घळींत पाणी साचते आणि लोक त्यात उतरतात, तेव्हा हे ठिकाण या महिन्यातच चांगले. ओळखपत्र असलेल्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, काही जागी डांबर मऊ असते. मराकास किनारा तिसऱ्या दिवसासाठी ठेवा, आणि रात्री खूप पाऊस झाला असेल तर जाऊच नका. त्या डोंगरी रस्त्यावर दरडी येतात.

१०. खाणे

सकाळी डबल्स. दोन मऊ तळलेल्या 'बारा' (आपल्या वड्याचाच हा भाऊ), मध्ये छोले, वर चिंच आणि काकडी. विक्रेता मिरचीचे विचारतो. पहिल्यांदा "स्लाइट" म्हणा, म्हणजे थोडीशी. तिथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. दुपारी रोटी : डाळपुरी किंवा 'बसअपशट' नावाचा कुस्करलेला पराठा, सोबत भोपळा, चवळीच्या शेंगा, बटाटा-छोले, भाजलेल्या वांग्याचा चोखा. चोखा खाताना भरताची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

शाकाहारी मंडळींनी तीन ठिकाणी जपायचे. कॅलालूच्या हिरव्या पातळ भाजीत खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असू शकते. लाल राजमाही त्याच मांसात शिजवतात. पेलाव हा भात बहुधा कोंबडीचा. "व्हेजिटेरियन आहे का?" एवढ्यावर थांबू नका, "यात मांस, मासे, खेकडा आहे का?" असे नावे घेऊन विचारा.

११. सुरक्षितता

हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्रिनिदादमध्ये टोळ्यांमधली हिंसा गंभीर आहे. आम्ही परतल्यावर, ३० डिसेंबर २०२४ रोजी, तिथे आणीबाणी जाहीर झाली, आणि जुलै २०२५मध्ये पुन्हा. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती बघा. परिस्थिती बिघडलेली असेल तर पुढच्या वर्षी जा.

लाव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स आणि कोकोरीट या वस्त्यांत जाऊ नका. अंधारानंतर मध्यशहर, सॅव्हाना आणि कुठलाही किनारा टाळा. मंगळसूत्र, बांगड्या, सोन्याची साखळी घरी ठेवून या. रस्त्यात फोन हातात धरून नकाशा बघत उभे राहू नका, दुकानात शिरून बघा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११, अग्निशमन ९९०. हे तिन्ही कागदावर लिहून पाकिटात ठेवा. शहरात भारतीय उच्चायोग आहे, त्याचा पत्ता आणि फोन निघण्याआधीच उतरवून घ्या.

१२. परत येताना

लसीचा दाखला चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आम्ही दोन आठवडे न्यू जर्सीला राहून मुंबईत उतरलो, तरी दाखला पासपोर्टच्या पानात ठेवला होता. तुम्ही थेट येत असाल तर आरोग्य तपासणीचा कक्ष इमिग्रेशनच्या आधी येतो. दाखला तिथे स्वतःहून पुढे करा, आणि दाखल्यांवर सगळ्यांची नावे व पासपोर्ट क्रमांक बरोबर लिहिले आहेत ना, हे लस घेतली त्याच दिवशी केंद्रात उभे राहून वाचून घ्या. पत्नीच्या दाखल्यावर एक आकडा चुकला होता. तो तिथल्या तिथे दुरुस्त करून, सही-शिक्का घेऊनच आम्ही बाहेर पडलो.